मदत हवी आहे : आईला सतत तहान, रात्री सहा वेळा लघवी, पण शुगर नॉर्मल

नमस्कार मंडळी,

आई ५९ वर्षांची, कराडजवळ गावी भावाकडे असते, मी पुण्यात. पाच-सहा महिने झाले, तिची तहान भागतच नाही. रात्री पाच-सहा वेळा उठते. संडास परसात, पावसाने पायऱ्या निसरड्या झालेल्या. मागच्या आठवड्यात घसरली आणि मनगट मुरगळलं. तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

सगळे म्हणाले शुगरच असणार. तीनदा तपासली. शेवटचे आकडे: उपाशीपोटी ९२, जेवणानंतर ११८, एचबीएवनसी ५.४. लघवीत साखर नाही, जंतुसंसर्ग नाही. त्या रिपोर्टवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००३ असं आहे, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. "वयामुळे होतं," एवढंच ऐकून परत आलो. शेजारच्या काकूंनी दिलेली जांभळाच्या बियांची पूडही महिनाभर घेऊन झाली.

आता भाऊ संध्याकाळी सातनंतर तिच्या उशाचा तांब्या उचलून ठेवतो. ती पुन्हा पडू नये म्हणूनच करतो बिचारा. पण परवा आई फोनवर म्हणाली, "जीभ टाळूला चिकटते गं." हे बरोबर चाललंय का? आणि शुगर नसेल तर दाखवायचं कुणाला?

औषधं: बारा वर्षांपासून एक गोळी रोज, गुडघ्यांसाठी अधूनमधून दुखण्याची गोळी. बीपी नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी तांब्या परत ठेवायला सांगा, आजच. शरीरातून पाणी जातंय म्हणून तहान लागत असेल, तर पाणी तोडल्याने रक्तातलं सोडियम चढतं, आणि ते पडण्यापेक्षा कमी धोक्याचं नाही. रात्रीसाठी पलंगाजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवता येईल.

दुसरं, प्रत्येक वेळी लघवी थोडीच होते की भरपूर? यावर पुढची सगळी दिशा ठरते. थोडी थोडी होत असेल तर मूत्राशयाचा त्रास असू शकतो. भरपूर असेल तर मोजा: सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी मापाच्या भांड्यात. २४ तासांत ३ लिटरच्या वर गेली तर ती नक्कीच जास्त.

आणि त्या रोजच्या गोळीचं नाव काय?

धागाकर्ती

वहिनीने मोजली. ५.४ लिटर! आम्ही सगळे गप्पच झालो.

गोळीचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. मनाच्या आजाराची आहे, गावात कळू नये असं आईला वाटतं. लिथियम. त्या गोळीने आम्हाला आमची आई परत दिली आहे, म्हणून तिच्यावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही.

प्रतिसाद २

मी फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण लिथियम, ५.४ लिटर आणि १.००३ (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती दाट आहे त्याचा आकडा; इथे ती फारच पातळ) हे तिन्ही एका रेषेत येतात. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं की पाणी राखून ठेव. बरीच वर्षं लिथियम घेतलेल्या काहींच्या मूत्रपिंडाला हा निरोप ऐकू येईनासा होतो. मग लघवी पाण्यासारखी पातळ होत राहते. याला डायबिटीस इन्सिपिडस म्हणत आले आहेत. नावात डायबिटीस असला तरी साखरेशी संबंध नाही, आणि याच गैरसमजात रुग्णांचे महिने जातात.

रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, लिथियमची पातळी, शिवाय रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी (क्षार वगैरे किती विरघळलेत ते, म्हणजे दाटपणा), एवढं लगेच करून घ्या. कॅल्शियम विसरू नका. ते वाढलं तरी असंच होतं, आणि लिथियममुळे तेही वाढू शकतं. पाणी बंद ठेवून करायची चाचणी फक्त रुग्णालयात, देखरेखीखाली. तुमचे भाऊ नकळत तीच घरी करत होते.

लिथियम स्वतःहून बंद करू नका, आजार उलटू शकतो. गुडघ्याची गोळी मात्र डॉक्टरांना दाखवेपर्यंत थांबवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, बोलणं अडखळणं, तोल जाणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

धागाकर्ती (आठ दिवसांनी)

सोडियम १४७, म्हणजे १४५ या नॉर्मल मर्यादेच्या वर. लघवीची ऑस्मोलॅलिटी १६०, म्हणजे खूप पातळ. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन ठीक. मानसोपचारतज्ज्ञ आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलले. त्यांच्या मते लिथियममुळेच असावं. आधी डोस कमी करून बघणार आहेत, गरज पडली तर लघवी कमी करणारी एक गोळीही देतील. मूत्रपिंड पूर्ण पूर्ववत होईलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

डोस कमी होत असताना आजार डोकं वर काढतोय हे घरच्यांना सर्वांत आधी कशावरून कळतं? झोप कमी होणं, खूप बोलणं, की आणखी काही? कुणाच्या घरात हे झालं असेल तर कृपया लिहा. भावाने वहीत रोजची झोप आणि पाणी लिहायला सुरुवात केली आहे. आता झोपण्याआधी तांब्या तोच भरून ठेवतो.