दिवस भरायच्या आधीच बाळंतपण: तुमच्या वेळी काय झालं होतं?

माझी पोरगी ३१व्या आठवड्यात झाली, १४०० ग्रॅमची. आता पहिलीत आहे आणि नागपुरात धरमपेठच्या आमच्या घराचे जिने दिवसातून वीसदा चढते-उतरते. तेव्हा सगळ्यांनी ह्याच जिन्यांना दोष दिला होता, जिने चढली, पपई खाल्ली असेल, गाडीवर कशाला बसायचं, आणि मीपण तेच धरून बसले. दुसऱ्या वेळी नवीन डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली तर आत वारेचा रिपोर्ट, पिशवीच्या पडद्यांना इन्फेक्शन होऊन सूज आलेली, कोरिओअॅम्निओनायटिस. मला एक दिवस ताप नव्हता हो! कागद कपाटात होता आणि मी दोन वर्षं पायऱ्या मोजत होते. ज्यांचं बाळ ३७ आठवड्यांच्या आधी आलं त्यांनी प्लीज लिहा, आधी काही जाणवलं होतं का, तपासलं होतं का.

सक्करदऱ्याची आई:
मे महिना, ऊन तर माहीतच आहे आपलं. ऑफिसचं बाथरूम घाण म्हणून मी पाणीच कमी प्यायची. लघवीला जळजळ सुरू झाली तर घरी सगळे म्हणे उष्णता झाली, सब्जा घे, धन्याचं पाणी घे, आणि मी दहा दिवस तेच करत राहिली. मग कंबर भरून यायला लागली, पोट मधेमधे दगडासारखं व्हायचं. २९वा आठवडा. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई-कोलाय नावाचा जंतू निघाला. बाळाच्या फुप्फुसांसाठी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली, तेवढा वेळ मिळाला हेच नशीब, पाचव्या दिवशी मुलगा झाला.

कामठीचा बाबा:
बायकोला वाटलं लघवी सुटली, पाणी गेलं होतं. २७ आठवडे. एका ज्युनिअर डॉक्टरनं रात्री दोन वाजता मला समजावलं की जंतू खालून वर चढतात, शरीर त्यांच्याशी लढायला जी सूज आणतं त्यात प्रोस्टाग्लँडिन वाढतं, म्हणजे नववा महिना भरल्यावर कळा आणणारंच रसायन, आणि पडदाही कमजोर होऊन फाटतो. म्हणजे लढाई तिचंच शरीर लढत होतं न, तिनं काही केलं नव्हतं. हे मी आईला सकाळी तसंच्या तसं सांगितलं. नंतर ५२ दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचं आयसीयू, छातीवर लेकरू घेऊन कांगारू केअर, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. आता तब्येत छान आहे.

मनीषनगरहून:
मला काहीच त्रास नव्हता, चौथ्या महिन्यात रुटीन कल्चरमध्ये जंतू सापडले. सात दिवस गोळ्या, परत कल्चर. ३९ आठवडे पूर्ण.

एक सिस्टर:
बारा वर्षं लेबर रूममध्ये आहे. प्रत्येक लवकर झालेलं बाळ इन्फेक्शनमुळेच असतं असं नाही, बीपी असतं, जुळी असतात, पिशवीचं तोंड आखूड असतं. पण जितकं जास्त लवकर, तितका इन्फेक्शनचा संशय जास्त. साधी लघवीची तपासणी वेगळी आणि कल्चर वेगळं, कल्चर मागून करून घ्या. अंगावर पांढरं जातं त्याला मासळीसारखा वास असेल तर सांगा, आतून साबणानं धुऊ नका, आणि मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक तर अजिबात नको.

इतवारीहून:
आमचं २२ आठवड्यांत गेलं. ताप, पोट दुखत होतं, दोन दिवस गॅसची गोळी घेतली. सहा वर्षं झाली, कोणाला सांगितलं नव्हतं.

सातवा महिना सुरू आहे:
मला तो वास पंधरा दिवसांपासून येतोय. डॉक्टर पुरुष आहेत म्हणून बोलले नाही.

एक सिस्टर:
बाई, आजच जा. तिथल्या सिस्टरला आधी सांग, ती डॉक्टरांना सांगेल. पाणी गेल्यासारखं वाटलं किंवा पोट कडक व्हायला लागलं तर रात्र असली तरी थांबू नको.

सातवा महिना सुरू आहे:
सासूबाईंना सांगितलं आत्ता. त्याच म्हणाल्या, चल, रिक्षा बोलावते.