टॅरो इजिप्तचं? अहो, पत्त्यांचा डाव होता तो!

भर_दुपारी: कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे टॅरो, म्हणजे पत्ते काढून भविष्य सांगणं, ही इजिप्तच्या पुजाऱ्यांची ५००० वर्षं जुनी गुप्त विद्या. अहो, इटलीतला पत्त्यांचा डाव तो! १४४० च्या सुमारास मिलान, फेरारा, फ्लॉरेन्सकडे खेळायचे, चार रंगांची ५६ पानं आणि वर २२ जादा, त्यातली २१ कायमची हुकमाची. इजिप्तचं पिल्लू सोडलं कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने, १७८१ ला. इजिप्तची लिपी लागली १८२२ ला. मग ह्याने वाचलं काय, कपाळ?

नीलमोहर: आले बुद्धिवादी. आई गेली त्या वर्षी मी टॅरो वाचणाऱ्या बाईकडे गेले होते, पहिलंच पान मृत्यूचं निघालं, रडूच फुटलं मला. तिने पान पालथं घातलं नि म्हणाली, बोला. तासभर बोलले. घरात कोणी विचारलंही नव्हतं. तुमचं १४४० घेऊन मी काय करू?

चिंचगूळ: आणि त्या तासाचे पैसे किती? माझ्या मावसभावाला एकीने 'कार्ड सांगतंय' म्हणून चांगली नोकरी सोडायला लावली, नऊ महिने घरी बसून होता.

भर_दुपारी: @नीलमोहर, आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण डावात मृत्यू म्हणजे १३ नंबरचा हुकूम, खालचे बारा मारणारा. हातात आला तर माणूस खूश व्हायचा.

वाडीकर: इजिप्त अगदीच उडवू नका. युरोपात पत्ते मध्ययुगातल्या मामलुक सुलतानांच्या इजिप्तकडूनच गेले असं मानतात. तलवार, पेला, नाणं आणि पोलोची काठी. इटलीत पोलो कोण खेळतंय, काठीचा झाला सोटा! आमच्या सावंतवाडीचा गंजिफा, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, तोही त्यांचा चुलतभाऊच. दशावतारी, १२० गोल पानं, अर्ध्या रंगांत एक्का दश्शीला मारतो. जुन्या टॅरोत पेले आणि नाण्यांतही तसंच!! आजोबांचा संच आहे घरी, मत्स्याचा राजा तेवढा हरवलाय. वहिनी म्हणते उरलेल्यांचे कोस्टर करू.

चिंचगूळ: कोस्टर?? हाताने रंगवलेल्या पानांवर चहाचे कप? वहिनींना आवरा.

वाडीकर: तुम्ही कधी विकत घेतलाय का एक तरी संच? मग बोलू नका.

भर_दुपारी: धागा टॅरोचा आहे हो! पत्ते तिकडून आले, मान्य, पण ती २२ पानं इटलीतच घातली.

नीलमोहर: बरं, डाव होता. झालं समाधान? पुढच्या वेळी तिच्याकडे गेले की मृत्यू निघाल्यावर बारा पानं मागून घेईन.

वाडीकर: १२० पैकी ११९ आहेत. कोणाकडे जादा मत्स्यराजा असेल तर खाजगी निरोप (व्यनि) करा.