कोकण रेल्वेचे विलीनीकरण : रेल्वेप्रेमींनी कशासाठी आग्रह धरावा?

रोहा_ठोकूर

नमस्कार. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ या तीन भागधारक राज्यांचा होकार त्याआधीच आलेला होता, त्यामुळे राज्यांच्या बाजूने आता अडसर उरलेला नाही. महाराष्ट्राने संमती देताना दोन अपेक्षा मांडल्या : ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, आणि राज्याने भागभांडवल म्हणून दिलेले जवळपास चारशे कोटी रुपये परत मिळावेत. ही बातमी वाचल्यापासून माझ्या मनात जी कालवाकालव चालू आहे, ती येथे मांडतो.

१९ जुलै १९९० रोजी हे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा मधू दंडवते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची सूत्रे देण्यात आली. मूळ भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग सुरू झाला. त्याच वर्षी वडिलांनी मला या मार्गाने प्रथम नेले. प्रत्येक बोगद्याच्या तोंडावर रंगवलेला क्रमांक आणि लांबी मी एका वहीत उतरवून घेत होतो. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली, तेव्हा डब्यातील सगळी बोलणी थांबली होती आणि समोरच्या बाकावरच्या आजी बाहेर उजेड दिसेपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. ती वही आजही माझ्याकडे आहे.

माझा प्रश्न असा आहे. मला वाटणारी हुरहुर केवळ नावाशी आणि आठवणींशी जोडलेली आहे, की मालकी बदलल्यावर या मार्गाच्या कारभारातील खरोखर मोलाचे असे काही निसटण्याचा धोका आहे? तसे असेल तर ते काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

कुर्डुवाडी_शेड

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. मात्र उत्तराकडे वळण्यापूर्वी मालकी आणि कारभार या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, कारण आपल्याकडील रेल्वेच्या इतिहासात त्या पुष्कळदा एकत्र नव्हत्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचेच पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी चालवणारी ही कंपनी सरकारने १९०० मध्येच विकत घेतली होती, परंतु गाड्या चालवण्याचे काम करारान्वये त्याच कंपनीकडे राहिले आणि प्रत्यक्ष कारभार सरकारकडे आला तो १ जुलै १९२५ रोजी. म्हणजे पाव शतक मालक एक आणि चालक दुसरा, अशी स्थिती होती. पुढे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजामाची आणि शिंद्यांची रेल्वे तिच्यासोबत घेऊन मध्य रेल्वे तयार झाली. तेव्हा जुनी नावे पुसली गेली, पण घाटांतील कामाची शिस्त टिकली.

माझ्या घराशी जोडलेले उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर, एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू न देता, छोट्या गाडीनेही भरपूर माल आणि माणसे वाहता येतात हे सिद्ध करून दाखवले. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणारे वारकरी याच गाडीने जात. १ जानेवारी १९५४ रोजी ही खासगी कंपनी सरकारने ताब्यात घेतली. त्यानंतरही ही छोटी गाडी अर्ध्या शतकाहून अधिक काळ धावत राहिली आणि कुर्डुवाडीचा कारखाना आजही रेल्वेच्याच कामात आहे. याउलट विदर्भातील ‘शकुंतला’ पाहा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश कंपनीच्या नावावर राहिला, १९२१ च्या बनावटीचे वाफेचे इंजिन तेथे १९९० च्या दशकापर्यंत राबले, आणि रुळांवर पैसा खर्च करण्याची जबाबदारी कोणाची याचे उत्तर न मिळाल्यामुळे ती गाडी शेवटी थांबली. जुनी मालकी तशीच ठेवल्याने जुनी गाडी वाचते असे नाही, हे शकुंतलेने आपल्याला दाखवले आहे.

हरवतात ते कागद. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यात फिटर होते आणि कंपनीच्या काळातील कामकाजाची वेळापत्रके त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. त्यांच्या पश्चात आमच्याच घरच्यांनी ती पेटी रद्दीवाल्याला देऊन टाकली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि त्या पिवळ्या पानांवर लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या मला अजूनही डोळ्यांसमोर दिसतात. कोकण रेल्वेच्या बाबतीत तरी असे होऊ नये.

जांभा_कटिंग

मी मार्ग-देखभालीच्या क्षेत्रात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला उत्तर देतो. होय, निसटू शकेल असे काहीतरी आहे, आणि ते म्हणजे पावसाळा हाताळण्याचे ज्ञान.

हा मार्ग सह्याद्रीच्या पायथ्याशी जांभा, मुरूम आणि चिकणमाती कापून काढलेला आहे. मार्ग पूर्ण झाल्यानंतर डोंगर आपला नवा उतार शोधत राहिला, आणि त्याची किंमत जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ माणसांच्या जिवाने मोजावी लागली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी करणे, दरडींवर जाळ्या बसवणे, संरक्षक भिंती बांधणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पानवल, मांडवी, जुवारी, शरावती येथील उंच किंवा लांब पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसली, सावित्री आणि वाशिष्ठीसारख्या नद्यांवर पूरपातळीची सूचना देणारी यंत्रणा आली. पावसाळ्याचे स्वतंत्र वेळापत्रक आणि मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा यांमुळे प्रवासी वैतागतात हे मला ठाऊक आहे, परंतु ती शिस्त अपघातांतून शिकलेली आहे.

यंत्रांइतकीच महत्त्वाची असते ती गस्त. एका पावसाळी रात्री रत्नागिरीच्या दक्षिणेकडील एका कटिंगमध्ये मी गस्तीवाल्याबरोबर चाललो होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत रुळावर ठेवून येणाऱ्या गाडीला सावध करणारे धोक्याचे फटाके, हातात विजेरी, डोक्यावरून रेनकोट. आपल्या हद्दीच्या टोकाला पोहोचला की तो समोरून आलेल्या गड्याशी वही बदलून घेई आणि माघारी वळे. वाटेत तो एका गटाराशी थांबला, विजेरी पाण्यावर धरली आणि म्हणाला, “साहेब, पाणी निवळ आहे तोवर डोंगर शांत आहे. ते लाल यायला लागले की समजायचे, आतली माती सुटली.” भूगर्भतज्ज्ञ हेच सांगतात, फक्त त्यांना त्यासाठी अहवाल लिहावा लागतो. हा माणूस जवळच्याच गावचा होता आणि तो डोंगर लहानपणापासून पाहत आला होता.

म्हणूनच माझी काळजी मालकीविषयी नाही, विभागणीविषयी आहे. रोह्याच्या उत्तरेला मध्य रेल्वे आहे, मडगावला दक्षिण-पश्चिम रेल्वे येऊन मिळते आणि ठोकूरच्या पुढे दक्षिण रेल्वे सुरू होते. नकाशा समोर ठेवून या मार्गाचे तीन तुकडे करून तिघांना वाटून देणे कार्यालयीन दृष्टीने सर्वांत सोपे आहे. तसे झाले तर पावसाळी गस्तीचे नियोजन, दरडीच्या जागांच्या नोंदी आणि आणीबाणीचे साहित्य तीन वेगवेगळ्या मुख्यालयांत विखुरले जाईल. त्या प्रत्येक मुख्यालयाच्या दृष्टीने हा तुकडा आपल्या हद्दीच्या कडेला असलेला एकेरी मार्ग ठरेल आणि त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाईल. जुलै २०२४ मध्ये पेडण्याजवळच्या मालपे बोगद्यात चिखल-पाणी आले आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली. अशा वेळी संपूर्ण मार्गाची सूत्रे एका हाती असण्याचा अर्थ काय असतो, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको.

रत्नागिरी आणि कारवार ही दोन क्षेत्रीय कार्यालये आहेत तशी ठेवून संपूर्ण रोहा–ठोकूर मार्ग एकाच प्रशासनाखाली राहावा, मग त्याला विभाग म्हणा अथवा क्षेत्र म्हणा. आग्रह धरायचा तर तो यासाठी धरावा, आणि नावाची अट त्यानंतर यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावंतवाडी_पहाटगाडी

जांभा_कटिंग यांच्याशी मी सहमत आहे, पण प्रवाशाच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे. या मार्गावर भाडे आकारताना अंतर ४० टक्के वाढवून धरले जाते, हे पुष्कळांना आजही माहीत नाही. म्हणजे शंभर किलोमीटर गेलो तर एकशे चाळीस किलोमीटरचे पैसे. मार्ग बांधण्यासाठी काढलेले कर्ज फेडायचे होते, म्हणून आम्ही ते आनंदाने दिले. परंतु दुहेरीकरण झाले ते केवळ रोहा ते वीर हे सुमारे ४७ किलोमीटर, तेही २०२१ मध्ये. विद्युतीकरण मात्र संपूर्ण मार्गाचे २०२२ मध्ये पूर्ण झाले. गणपतीला जादा गाड्या सोडल्या की प्रत्येक स्थानकावर समोरच्या गाडीची वाट पाहत अर्धा अर्धा तास उभे राहावे लागते, आणि लहान मुले-म्हातारी माणसे घेऊन त्या गर्दीत तो अर्धा तास काढणे काय असते, ते खिडकीतून पूल पाहायला येणाऱ्यांना कळत नाही. स्वतःच्या मिळकतीवर दुहेरीकरणाचा खर्च उचलणे या महामंडळाला शक्य नव्हते. केंद्रीय अर्थसंकल्पातून थेट पैसा येणार असेल आणि वाढीव अंतराची आकारणी जाणार असेल, तर हे विलीनीकरण मला हवे आहे.

रोहा_ठोकूर

सर्वांचे मनापासून आभार. सावंतवाडीकरांचा रोख माझ्यासारख्यांकडे आहे आणि तो रास्त आहे, कारण मी वर्षातून दोनदा या मार्गावर येतो आणि तेही हौसेने. जांभा काका, आपल्या उत्तरातून एक उपप्रश्न निघतो. तो गस्तीवाला जवळच्याच गावचा होता असे आपण लिहिले आहे. ज्यांच्या जमिनी मार्गासाठी गेल्या, त्या कुटुंबांतील लोकांना महामंडळाने नोकरीत प्राधान्य दिले होते. भरती देशपातळीवरील परीक्षेतून होऊ लागली तर ही साखळी तुटेल काय?

जांभा_कटिंग

तुटेल, अशी मला भीती वाटते, आणि हा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. कायम नोकरीची भरती देशपातळीवर होणे यात गैर काही नाही. बाहेरून आलेला होतकरू मुलगाही दोन पावसाळ्यांत डोंगर ओळखू लागतो, मी असे अनेक पाहिले आहेत. पण बदलीचे धोरण असे हवे की तो शिकून तयार झाला की लगेच दुसऱ्या प्रांतात जाऊ नये, आणि प्रकल्पग्रस्तांना दिलेले वचन विलीनीकरणाच्या कागदात स्पष्ट शब्दांत उतरायला हवे. एकदा करार झाला की त्यात नसलेली गोष्ट मागून मिळत नाही.

आणखी एक. या महामंडळाचे अभियंते कोकणापुरते राहिलेले नाहीत. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाब पूल याच संस्थेच्या देखरेखीखाली उभा राहिला आणि जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल ज्या संस्थेने बांधला, तिनेच पुढे ते धाडस केले. बांधकामाची ही शाखा गाड्या चालवणाऱ्या शाखेपासून वेगळी करून स्वतंत्र कंपनी म्हणून ठेवता येईल काय, हा विचारही झाला पाहिजे. दोन्ही शाखांची गरज वेगळी आहे, आणि एकीला पुरेसे काम मिळाले नाही म्हणून दुसरीचा पैसा अडकू नये.

कुर्डुवाडी_शेड

सावंतवाडी_पहाटगाडी यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. वाढीव अंतराची आकारणी विलीनीकरणाबरोबर आपोआप जाईल असे गृहीत धरू नये. ती रद्द व्हावी ही मागणी प्रवासी संघटनांनी आताच लेखी स्वरूपात करावी.

आता कागदांविषयी. ज्यांच्याकडे १९९८ पासूनची वेळापत्रके, उद्घाटनाच्या वेळच्या पत्रिका, डिझेल इंजिनांच्या काळातील छायाचित्रे किंवा १९९९ मध्ये सुरू झालेल्या कोलाड–वेर्णा रो-रो सेवेचे तपशील असतील, त्यांनी ते स्कॅन करून ठेवावेत. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची ती सेवा एका लहान महामंडळाने स्वतःच्या निर्णयाने सुरू केली होती, त्यामुळे तिची पहिली कागदपत्रे विशेष मोलाची आहेत. छायाचित्रामागे स्थानक, दिशा आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, शाईने लिहू नये.

रोहा_ठोकूर, सुरुवात आपल्या वहीपासून करू या. विद्युतीकरणानंतर बोगद्यांच्या तोंडांवरील किती पाट्या मुळातल्या उरल्या आहेत, हे आपल्या १९९८ च्या नोंदींशी ताडून पाहता येईल. येत्या हिवाळ्यात दिवसाच्या गाडीने रोह्याहून निघण्याची आपली तयारी असेल तर मी सोबत येईन. डावी बाजू मी टिपतो, उजवी आपण टिपा.