मस्कादे गोड नसते, आणि मस्कटही नसते

मस्कादे ही फ्रान्सची पांढरी वाईन. ती मस्कट नावाच्या द्राक्षाची आहे म्हणून गोडसर असणार, असं काहीजण म्हणतात. नावामुळे हा घोळ होतोच, पण ती चांगली ड्राय, म्हणजे गोडी नसलेली असते आणि द्राक्षही वेगळंच, मेलों द बुर्गोन्य. मूळ फ्रान्समधल्याच बरगंडी भागातलं, पण आता मुख्यतः फ्रान्सच्या पश्चिमेला लुआर नदी समुद्राला मिळते तिकडे, नाँत शहराच्या आसपास पिकतं. १७०९ च्या भयंकर थंडीत तिथले बरेचसे वेल मेले आणि त्यानंतर थंडी सोसणारं म्हणून हेच पसरलं, शिवाय डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला अशी साधी पांढरी वाईन हवीच होती.

आता 'स्युर ली'बद्दल. लेबलवर हे शब्द असले तर वाईन हिवाळाभर मेलेल्या यीस्टच्या गाळावरच राहू दिलेली असते आणि थेट त्यावरूनच बाटलीत भरतात. त्याने या हलक्या आंबटसर वाईनला जरा भरीवपणा येतो, कधी जिभेवर बारीक चुरचुरही जाणवते. मी आधी साधी प्यायले तेव्हा पाणचट वाटली होती, मग नाँतला कच्च्या कालवांबरोबर स्युर ली घेतली आणि मत साफ बदललं, लिंबू पिळावंसंही वाटलं नाही. आपल्या तिखट कालवणाबरोबर मात्र नका घेऊ, मसाल्यापुढे ती पार हरवून जाते.