मुंबईच्या डोंगरांना ‘रेड फ्लॅग’ हवा की जाळरेषा?

मुलुंडकर
काल आमच्या ग्रुपवर ॲरिझोनातल्या कुणाची तरी पोस्ट फिरत होती. सारांश असा: “आमच्या वाळवंटात वसंतात कोरडा वारा सुटला की हवामान खातं रेड फ्लॅग वॉर्निंग देतं, लोक अंगणात शेगडीसुद्धा पेटवत नाहीत. मुंबईत असा इशाराच नाही, म्हणून येऊर, आरे, खारघर दरवर्षी उन्हाने आपोआप पेटतात.”

रात्रभर डोक्यातून गेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. आपोआप म्हणजे कसं? फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडे विजा पडत नाहीत. वाळलेलं गवत नुसत्या उन्हाने पेट घेत नाही. विडीचं थोटूक पडतं, पार्टी करून गेलेल्यांची चूल धुमसत राहते, कुणी कचऱ्याला काडी लावतं, तर कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल म्हणून मुद्दाम पेटवतं. आरेलगतच्या डोंगराला मोठी आग लागली ती ३ डिसेंबर २०१८ ला. डिसेंबरात कसलं आलंय ऊन?

मागच्या मार्चात आम्ही सहा जण दोन वनरक्षकांबरोबर ओले डहाळे घेऊन जाळ झोडपत होतो. सकाळपासून पूर्वेचा वारा होता, त्यामुळे जाळ डोंगर चढत होता आणि आम्ही त्याच्या पाठीमागून निर्धास्त चाललो होतो. दीडच्या सुमारास समुद्राकडचा खारा वारा आला आणि तोच जाळ फिरून खाली आमच्यावर उतरला. माझ्या बुटाचा तळ सुटला, शेजारच्या मुलाच्या भुवया गेल्या. विझल्यावर परत येताना पायवाटेच्या कडेला रातव्याची दोन अंडी दिसली. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. दोन्ही काळी पडून तडकली होती. ती कुणाच्या तरी काडीने गेली. ‘उन्हाने’ म्हटलं की तो काडी लावणारा सुटतो, माझा राग त्यावर आहे.

टूसॉनहून
ती पोस्ट माझी. मूळ डोंबिवलीचा, इथे एकोणीस वर्षं झाली. ‘आपोआप’ हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकीचं मागे घेणार नाही.

इथेही बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. अख्ख्या अमेरिकेत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून तर इशारा माणसांसाठी असतो! आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, असं काहीसं जुळलं की तो निघतो. मग गाडीमागची लोंबती साखळी रस्त्याला घासून ठिणगी उडणार नाही ना, हे लोक बघतात, वाळल्या गवतात गाडी उभी करत नाहीत, वेल्डिंग पुढे ढकलतात.

वाळवंटात जळायला काय आहे, असंही मला विचारतात. हिवाळ्यात पाऊस बरा झाला की गवत माजतं आणि वसंतात तेच वाळून उभं राहतं. त्यात बफेल ग्रास, म्हणजे आपण चाऱ्याला लावतो तेच अंजन गवत. इथे ते बाहेरून आणलं आणि मोकाट पसरलं. शंभर-दीडशे वर्षं जगणारा सग्वारो निवडुंग आगीची सवय नसलेला. उभ्या उभ्या शिजतो आणि पुढच्या काही वर्षांत कोसळतो. फिनिक्समध्ये वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, तरी ही गत. सांताक्रूझला २००० च्या वर पडतो. तुमच्या डोंगरावर सरपण किती तयार होत असेल, विचार करा.

बोरिवलीकर
इशारे नाहीत हे चूक. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपते, वन खात्याला संदेश जातात. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. उष्णतेच्या लाटेचा इशारा वेगळाच.

मुंबईचा खरा धोका पारा नाही, खारा वारा उशिरा येणं हा आहे. तो अकराला आला तर दिवस निभतो. दोनपर्यंत आला नाही तर पूर्वेचा गरम कोरडा वारा शहर भाजून काढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंश झालं होतं, ते अशाच वाऱ्याने. अशा दिवसांचा अंदाज आदल्या दिवशी देता येतो. तेव्हा मुलुंडकर, टूसॉनवाल्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

खारघर_सेक्टर
शहराकडे बोट दाखवताय, पण मुळात ही सवय आली कुठून? शहापूर, मुरबाड, कर्जत सगळीकडे मार्च-एप्रिलात राब भाजतात. तिथून ठिणगी डोंगरावर जाते. राबावर बंदी घाला, निम्मे वणवे थांबतील.

शहापूरची_माहेरवाशीण
राब कधी बघितलाय का तुम्ही? की गाडीच्या काचेतून धूर दिसला आणि लिहून मोकळे?

राब डोंगरावर नसतो, भाताचं रोप टाकायच्या तुकड्यात असतो. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, वरून मातीची ढेकळं. माती घालतात ती जाळ भडकू नये, हळूहळू जमीन भाजावी म्हणून. तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. माझे बाबा पहाटे पेटवायचे, वारा पडलेला असताना. चारी बाजूंनी हातभर पट्टा झाडून स्वच्छ करायचे आणि आईला पाण्याची कळशी, ओला डहाळा घेऊन बांधावर उभं करायचे. विझेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. माझी शाळा बुडायची त्यासाठी. आणि तुम्ही खारघरच्या टेकडीवर रात्री शेकोटी करून रील काढणाऱ्यांबद्दल एक शब्द लिहिला नाहीत.

खारघर_सेक्टर
सगळ्यांचे बाबा असे नसतात. गेल्या वर्षी कर्जतजवळ मी डोळ्यांनी पाहिलं. राब सोडून माणसं जेवायला गेलेली, बांध ओलांडून जाळ माळावर.

टूसॉनहून
ताई, रागावू नका, पण एक सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत राज्याच्या नोंदीतला सगळ्यात मोठा वणवा झाला, ३ लाख ४१ हजार एकर. तो लागला वन खात्याच्याच हातून. पुढचा वणवा टळावा म्हणून त्यांनी पालापाचोळा ठरवून जाळायला घेतला आणि वारा उठला. दुसऱ्या जागी तर जानेवारीत पेटवलेला फांद्यांचा ढीग बर्फाखाली धुमसत राहिला आणि एप्रिलच्या वाऱ्यात बाहेर आला. दोन्ही जाळ एकत्र झाले. शिकलेली माणसं, बंब, हवामानाचा अंदाज, सगळं हाताशी असताना.

शहापूरची_माहेरवाशीण
मग बंदी राबावर का? त्या खात्यावर घाला आधी. भात पिकवणाऱ्यालाच दरडावायचं, हे मी लहानपणापासून बघतेय. एकदा गवताला आग लागली तर चौकशीला आलेला माणूस थेट आमच्या पाड्यावर आला. वरच्या बंगल्यात रात्रभर पार्टी चालली होती, तिथे कुणी गेलं नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. मी सातवीत असताना आमचाही राब एकदा सुटला होता. वरून विझल्यासारखा दिसत होता, आत शेण धुमसत होतं. दुपारच्या वावटळीने निखारे उडाले आणि काकांची पेंढ्याची गंजी गेली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. पुढे ते तीन दिवस राखेत काठी घालून बघायचे. एवढं मान्य करते. बंदी मान्य नाही.

मुलुंडकर
धागा राबावरच गेला. ताईंचं पटलं. खारघरवाल्यांचं पाहिलेलं खोटं आहे असंही म्हणत नाही, पण येऊर आणि आरेच्या मधे कुठे आलाय भाताचा राब? इथे शेकोटीवालेच आहेत. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीला वणव्यात सापडून वीसच्या वर ट्रेकर गेले. तेव्हापासून मी फेब्रुवारीनंतर पोरांना गवताळ धारेवर नेत नाही.

इशाऱ्याबद्दल: ठीक आहे, पूर्वेचा वारा टिकणार असेल त्या दिवशी डोंगराच्या वाटा बंद कराव्यात, हे मान्य. पण उपग्रहाचा ठिपका मोबाइलवर येईपर्यंत जाळ धारेवर पोचलेला असतो. जाळरेषेवरचं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यावरचं, गवत जानेवारीत कापलं नाही आणि हंगामी मजूर वेळेवर घेतले नाहीत, तर तो संदेश वाचून वनरक्षक एकटा करणार काय?

बोरिवलीकर
तुमच्या बाजूला गवत कापायला माणसं लागतात का? मला विळा धरता येतो.

मुलुंडकर
लागतात. वन खात्याची परवानगी काढलेली आहे. रविवारी सहाला या, वारा उठायच्या आत खाली उतरतो. जाड तळाचे बूट घाला, सिंथेटिक कपडे नकोत.

शहापूरची_माहेरवाशीण
विळा आदल्या दिवशी पाजवून घ्या. बोथट विळ्याने वाळलं गवत कापलं जात नाही, नुसतं हाताला लागतं.