जखमेतली लस आणि टोचायची लस

प्रश्न
आम्ही फोंड्याला राहतो. गेल्या आठवड्यात लेक सायकलवरून पडली, गुडघा चांगलाच सोलपटला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पट्टी उचलून पाहिलं नि म्हणाल्या, “पू नाही, नुसती लस येतेय. भरेल आता.” लेक घाबरली. शाळेत टोचलेली लस गुडघ्यातून वाहून चालली, असं तिला वाटलं. मलाही तिला नीट सांगता आलं नाही. हे दोन शब्द वेगळे की एकच?

प्रतिसाद
ताई, शब्द एकच. फोडातून, जखमेतून झिरपतं ते चिकट पाणी म्हणजे लस, हा अर्थ आधीचा. इंग्रज डॉक्टर जेन्नरने १७९६ साली देवीच्या रोगापासून बचाव व्हावा म्हणून गाईच्या देवीच्या फोडातलं पाणी मुलाच्या हाताला टोचलं. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या आणि तिच्या फोडातून काढलेल्या द्रवाने पुढची मुलं टोचली गेली. म्हणजे टोचत होते ती शब्दशः लसच होती! पुढे ती बाटलीतून येऊ लागली, नाव मात्र तेच राहिलं.

प्रतिसाद
मी बरीच वर्षं परिचारिका होते, म्हणून थोडं सांगते. तुमच्या सासूबाईंची नजर पक्की आहे. कातडी फाटली की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून रक्तातला पाणीदार भाग पाझरतो. त्याच्याबरोबर जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात, प्रतिपिंडं येतात. हेच वाळून खपली धरते. म्हणून खपली उचकटू नये, मुलीला एवढं जरूर सांगा. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि मेलेलं मांस. लाली पसरत गेली, ठणका वाढला, ताप आला, तर मात्र डॉक्टरकडेच न्यायचं.

याच घरातला एक अस्सल शब्द नव्या पिढीच्या तोंडून ऐकू येत नाही, त्याचं मला वाईट वाटतं: अवधाण. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, अनवाणी काम करताना पायाला काटा रुतला, जखम चिघळली, की जांघेत दुखरी गाठ येते, ते अवधाण. पायाकडून येणारी लस तिथल्या ग्रंथींत गाळली जाते, जंतू तिथे अडवले जातात, म्हणून ती फुगते. पुस्तकात तिला लसीका ग्रंथी म्हणतात, त्यातही लस आहेच. पण “जांघेत अवधाण आलंय” म्हटलं की पायाची जखम शोधायची, हे जुन्या बायकांना न शिकवता कळायचं.

आणि कोकणीतला जोर! घाटावरून नव्याने आलेल्या एका डॉक्टरांना एक आजी सांगत होत्या, “भुरग्याक जोर आयला.” मुलाला ताकद आली असं समजून ते “छान” म्हणाले. आजी रडवेल्या झाल्या. कोकणीतला जोर ज्वरावरून आलाय, मराठीतला फारसीतून. ताप हाही शरीराचाच बंदोबस्त: मेंदू शरीराची ऊब मुद्दाम वाढवतो, त्यात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते.

प्रश्न
आभार, ताई. लेकीने खपलीला हात लावलेला नाही. आता शेवटचं: शाळेच्या पत्रकात ‘लसीचा’ छापलंय, सासूबाई ‘लशीचा’ म्हणतात.

प्रतिसाद
दोन्ही छापून येतात. पण म्हैस-म्हशीचा, तसं लस-लशीचा. मी सासूबाईंच्या बाजूने.