वादळात टिनं उडाली, आवारभिंत पडली, कापूस भिजला. घराच्या विम्यातून काय मिळते?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आमच्याकडे जोराचं अवकाळी वादळ झालं. मागच्या खोलीवरची टिनं उडून पार वावरात गेली. शेजाऱ्याचा कडूनिंब आमच्या आवारभिंतीवर पडला. त्याच रात्री जवळच ईज पडली अन् टीव्ही, फ्रिज दोन्ही बंद पडले. मागच्या खोलीत चांगला दर यावा म्हणून थांबवलेला कापूस होता, तो चिंब झाला.

घरावर बँकेचं कर्ज आहे, विमा बँकेनंच काढला. कागदावर ‘भारत गृह रक्षा’ लिहिलं आहे, बाकी सगळी इंग्रजी. एजंट म्हणतो सगळं मिळते. बँकेतले साहेब म्हणतात टीव्ही-बिव्ही विसरा. आमचे मोठे भाऊ म्हणतात, भिंतीला जुन्या भेगा आहेत, त्याही यातच दाखवून टाक. कोणाचं ऐकू?

जुना सर्व्हेअर, अमरावती

भाऊ, मोठ्या भावाचं तर अजिबात ऐकू नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, अन् तिच्यावरच्या भिंती तडकतात. जमीन खचून झालेलं नुकसान विम्यात आहे. पण साध्या भेगा, नवं बांधकाम बसणं, भर टाकलेली जागा दबणं, कच्चं काम, हे सगळं स्पष्ट वगळलं आहे. अन् जुनी भेग लपत नाही हो. आत धूळ असते, कोळ्याचं जाळं असते, कधी अर्ध्या भेगेवर मागच्या दिवाळीचा चुना असतो. खोटा दावा पकडला गेला तर खऱ्या टिनांचे पैसेही जातात.

टिनं मिळतील, वादळ पॉलिसीत आहे. आवारभिंतही मिळेल. लोकांना वाटते विमा म्हणजे फक्त राहत्या खोल्या; पण या पॉलिसीत आवारभिंत, फाटक, पाण्याची पक्की टाकी, शौचालयाचा टाका, गोबर गॅस, सोलर पॅनल हे सगळं घराच्या बांधकामातच धरलं आहे. झाड शेजाऱ्याचं की तुमचं यानं फरक पडत नाही, उगाच त्याच्याशी भांडू नका.

टीव्ही-फ्रिजचं बँकेतल्या साहेबांचं बरोबर आहे. शॉर्ट सर्किट, विजेचा जादा दाब, विजेची गळती यानं एखादं उपकरण जळलं तर ते उपकरण मिळत नाही. आकाशातली वीजही त्याच वाक्यात धरली आहे. त्या टीव्हीतून आग लागून पलंग-कपाट जळलं असतं, तर टीव्ही सोडून बाकीचं मिळालं असतं. तेही घरातल्या सामानाचा विमा असेल तर! बँका बरेचदा फक्त बांधकामाचा काढतात, कारण त्यांचं कर्ज भिंतींवर असते. पहिल्या पानावर पाहा. सामानाचा विमा घेतलेला असेल तर यादी न देताही बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत धरतात. रोख पैसे त्यात नाहीत, अन् दागिन्यांसाठी वेगळी जोड घ्यावी लागते.

कापूस विसरा. तो विकायचा माल आहे, घरगुती सामान नाही. अन् राहत्या घरात कापूस साठवत असाल तर पुढच्या वेळी विमा काढतानाच तसं लिहून द्या. आग लागली की पहिला प्रश्न तोच येतो.

आता काम. कंपनीला आजच कळवा. ताडपत्री टाकायला हरकत नाही, उलट पुढचं नुकसान थांबवणं तुमचीच जबाबदारी आहे. पण आधी फोटो काढा, अन् वाकलेली टिनं भंगारवाल्याला देऊ नका. मी लय जणांना पाहिलं, नुकसान मोजायला सर्व्हेअर यायच्या आत अंगण झाडून मोकळे!

ग्रामपंचायत सदस्या, बाभुळगाव

तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या दादा. सरकारी मदत विम्यापासून वेगळी असते. 2022 पासूनच्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आहेत. रक्कम काही मोठी नाही, पण पंचनाम्याची नक्कल विमा कंपनीलाही दाखवता येते. सोबत ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा काढून ठेवा. मागची खोली नंतर बांधली असेल तर ती नोंदीत आहे का, तेही पाहून घ्या.

चिखलीवाला

काही देत नाहीत हो हे लोक. मुलीच्या बाळंतपणाला आम्ही पुण्याला गेलो, मागे कुलूप फोडून चोरी झाली. पोलिसांत तक्रार केली, सगळे कागद दिले, तरी कंपनीनं नाही म्हटलं. विमा हाच होता.

जुना सर्व्हेअर, अमरावती

तुमचं नुकसान खरं आहे, पण या पॉलिसीत नुसती चोरी नाहीच. आग, पूर, वादळ असं काही झालं अन् त्यानंतर 7 दिवसांच्या आत त्यामुळेच चोरी झाली, तरच धरतात. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

बाभुळगावच्या ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विमा काढल्यानंतर खोली वाढवली अन् चटईक्षेत्र 10 टक्क्यांहून जास्त वाढलं, तर वाढीव भागासाठी कंपनीला कळवून जादा हप्ता भरलेला लागतो.

प्रश्नकर्ता

खोली कर्जाच्या आधीचीच आहे, नमुना 8 वर आहे. सामानाचा विमा मात्र नाही, पहिल्या पानावर फक्त बांधकाम दिसते. कंपनीत फोन केला, माणूस येतो म्हणाले. अन् गोठा? त्याचंही एक टीन उचकटलं आहे.

जुना सर्व्हेअर, अमरावती

राहण्यासाठी वापरत असलेलं आउटहाऊस, म्हणजे आवारातली वेगळी खोली, यात येते, गोठा त्यात बसत नाही. पंचनाम्यात मात्र लिहून घ्या. अन् टिनांचे पैसे कमी दिले असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.